रविवारचा पक्षी-परिचय

...आणि वर साहेब फोनवर विचारतात, "कार्यक्रम वेळेवर सुरू झाला ना?" अहो, झाला! बरोब्बर सातला झाला! समोर अठरा पाहुणे, गळ्यात दुर्बिणी, आणि किनाऱ्यावर... तुम्हाला सांगतो, किनाऱ्यावर काळं तेल! कुठल्याशा जहाजातून सांडलेलं, आणि त्यात लडबडलेले आमचे पक्षी. काही मेलेले, काही मरायला टेकलेले. आता मी काय करायचं? बारा वर्षं या पक्षी-केंद्रात आहे, पण माझं काम काय? माहिती सांगणं! दर रविवारी लोकांना किनाऱ्यावर न्यायचं, हा बघा सुरय, याची चोच बघा, शेपटी बघा... बघा काय, कपाळ! चोच आणि शेपटी एकाच रंगाची!

साहेबांना आधीच म्हटलं होतं, "रद्द करूया." तर म्हणे, "छे छे, लोक लांबून आलेत. तू त्यांना समुद्राकडे पाठ करून उभं कर."

पाठ करून! अहो, वास काय पाठीमागून येत नाही?

त्यात एक कॅमेरेवाले काका. हातभर लांब भिंग! मला म्हणतात, "जरा पंख पसरून धरता का त्याचे?" म्हटलं, "काका, तो मरतोय." तर म्हणे, "म्हणूनच म्हटलं, लवकर." असं डोकं फिरलं माझं! पण बोलणार काय? माझं काम माहिती सांगणं!

तेवढ्यात एक निवृत्त नर्सबाई पुढे आल्या. "माहिती राहू द्या हो. कोमट पाणी कुठंय? भांड्यांचा साबण?" झालं! केंद्राच्या स्वयंपाकघरात बादल्या मांडल्या, सगळे बाह्या सरसावून बसले, आणि ते कॅमेरेवाले काका... सांगतो ना... कॅमेरा ओट्यावर ठेवला, अंगातलं नवंकोरं जाकीट काढलं आणि त्यात पक्षी गुंडाळून आणायला लागले. खेपांवर खेपा. 

माझ्या हातात एक सुरय आला. धुता धुता पायातली कडी दिसली, ओळख पटावी म्हणून पक्ष्यांना घालतो ना आम्ही, ती. नंबर वाचला आणि... अहो, ती कडी मीच घातलेली! नऊ वर्षांपूर्वी, एवढंसं पिल्लू होतं, बोट फोडलं होतं माझं! दरवर्षी अख्खा समुद्र ओलांडून जायचा, परत यायचा, आणि मेला कुठे? माझ्या बादलीत!

नर्सबाई म्हणाल्या, "गेला तो. सोडा आता." मी कुठला सोडतोय! घासतोय आपला, घासतोय. शेवटी त्यांनीच माझी बोटं एकेक करून उघडली. म्हणाल्या, "याच्याबद्दल सांगा ना काहीतरी."

माझं काम माहिती सांगणं... आणि तुम्हाला सांगतो, बारा वर्षांत पहिल्यांदा तोंडातून अक्षर फुटेना.

संध्याकाळपर्यंत त्रेपन्न धुतले. जगले सहा.

मग पुन्हा साहेब! "पाहुण्यांकडून अभिप्राय भरून घेतलेस ना?" घेतले. छापील कागद असतो आमचा, त्यात एक प्रश्न आहे, 'पक्षी जवळून पाहायला मिळाले का?' अठराच्या अठरा जणांनी 'हो'वर खूण केली. साहेब असे खूश! म्हणाले, "शाब्बास! पुढच्या रविवारचा कार्यक्रमही असाच होऊ दे!"