अर्धं छत

सिस्टर: पुन्हा एकदा मागे वाका, काका. हात कमरेवर, नजर छताकडे.

रंगारी: रंगाचा दुसरा हात मारलाच नाही या दवाखान्यानं. आतली पुट्टी दिसतेय.

सिस्टर: छताचं राहू द्या. दुखतंय का?

रंगारी: कमी आहे.

सिस्टर: किती कमी? इंजेक्शन देऊन अर्धा तास झाला, मणक्याचा तो सांधा बधिर झालाय. दुखणं त्या सांध्याचंच असेल, तर आता दुखायला नको.

रंगारी: मग नाही दुखत. लिहा तसं.

बायको: अहो, ओठ चावताय तुम्ही.

रंगारी: तू गप्प बस. सिस्टर, मागल्या वेळीही हेच इंजेक्शन, हाच सांधा. घरी गेलो आणि स्टुलावर चढलो. मान वर करून स्वयंपाकघराचं अर्धं छत रंगवलं. किती वर्षांनी! आज सुईच इकडेतिकडे गेली असेल.

सिस्टर: मशीनवर बघून दिलीय सुई. एकाच वेळेचा भरवसा नसतो, म्हणूनच ही तपासणी दोनदा करतात. दोन्ही वेळा आराम पडला, तरच गुरुवारी त्या सांध्याची दुखरी नस जाळायची.

रंगारी: पडला म्हणतोय ना. मणक्यातली गादी तपासून झाली, खुबा झाला. हा एकच चोर राहिला होता. याला सोडलंत तर मी कुठं जाऊ?

बायको: सिस्टर, लिहू नका.

रंगारी: का माझ्या मुळावर उठलीस?

बायको: मागल्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी यांना दुखण्याची गोळी दिली होती मी. त्या जुन्या, जोरदार गोळ्यांतली. कुटून चहात घातली.

सिस्टर: अहो काकू, दुखण्याची गोळी अजिबात नको, असं बजावलं होतं ना?

बायको: होतं. पण रात्रभर कण्हत होते. बाथरूमला गेले ते भिंत धरधरून. नाही बघवलं. म्हटलं, एका गोळीनं काय बिघडतंय.

रंगारी: ज्यांनी माझ्या पोटातून रक्त गेलं, त्या गोळ्या?

बायको: एकच उरली होती.

रंगारी: तरीच चहा कडवट लागला. मला वाटलं, पावडर बदललीस.

बायको: स्टुलावर उभे राहून शीळ घालत होतात तुम्ही. कुठल्या तोंडानं सांगणार? वाटलं, आज खरंच गुण येईल, मग सांगायची वेळच यायची नाही.

सिस्टर: बसा काका. तेव्हाचा आराम सुईचा नव्हे, गोळीचा असणार. डॉक्टरांना सांगावं लागेल मला. भलतीच नस जाळून काय उपयोग?

रंगारी: मग खरी कुठली?

सिस्टर: ते डॉक्टरच बोलतील.

(सिस्टर बाहेर जाते.)

बायको: शिव्या द्या हवं तर.

रंगारी: ती एक दुपार मी जपून ठेवली होती. रोज रात्री म्हणायचो, अशीच परत येणार.

बायको: उरलेलं छत मी रंगवते. तुम्ही खाली बसून सांगा.

रंगारी: नको. राहू दे तसंच. कुठपर्यंत पोचलो होतो, ते तरी दिसेल.