सुनेची मुराळी

जबाब देणार: द्वारकाबाई कारभारी नरवडे, वय ५६ वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. पाचोड, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर. सध्या मुक्काम मुलगी प्रेरणा हिच्या घरी, पुंडलिकनगर.

मी आज कुणी न बोलावता, स्वतःच्या पायानं पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, माझे दीर सांडू नरवडे यांनी इथं दिलेली तक्रार साहेबांनी मला वाचून दाखवली. तीत म्हटलं आहे की, माझी सून फुलेश्वरी ही लुटारू नवरी असून अंगावरचे दागिने घेऊन पळाली आणि जाताना मलाही फूस लावून घेऊन गेली. हे साफ खोटं आहे. मला फूस लावील असं माणूस अजून जन्माला यायचंय. तिला घेऊन मीच गेले होते.

माझा मुलगा सत्यम मोसंबीची बाग बघतो. त्याच्यासाठी चार वर्षं स्थळं बघितली. मुलीकडचे विचारायचे, पोरगा कंपनीत आहे का? बागेत आहे म्हटलं की चहा पिऊन उठायचे. मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? प्रेरणाला मीच चिकलठाण्याच्या कंपनीतला नवरा बघून दिली. शेवटी ओळखीतून छत्तीसगडचं, महासमुंदकडचं स्थळ आलं. लग्न इथंच देवळात लागलं. तिच्याकडून एकटा मामा आला होता.

आमच्या भागात बाहेरून आणलेल्या दोन नवऱ्या दागिने घेऊन गेल्या, हे खरं आहे. त्याची शिक्षा हिनं भोगली. गिरणीत दळण न्यायचं तरी हिच्या मागं कुणीतरी असायचं. सत्यम मारत नाही, ओरडत नाही, पण माहेरचं नाव काढलं की 'बघू' म्हणायचा. भीत होता तो. गावच्या पोरी शहरात दिल्या की चांगलं स्थळ म्हणतात, पोरं कंपनीत गेली की नशीब काढलं म्हणतात, आणि ही एवढ्या लांबून आमचं घर लावायला आली तर हिलाच पळपुटी म्हणतात. हे साहेबांनी मी जसं बोलले तसं लिहावं.

आली तेव्हा तिला मराठीचा शब्द येत नव्हता. चुकलं की घरातले हसायचे, म्हणून ती गोठ्यात जाऊन म्हशीशी मराठी बोलून बघायची. मी भिंतीआडून ऐकलंय. म्हैस काय हसत नाय. आता हीच पोरगी भाव करताना मोसंबीच्या व्यापाऱ्याला पाणी पाजते.

पोळ्याला बैल ओवाळून झाले आणि ती दारात बसली ती उठेना. विचारलं तर म्हणाली, "आई, आमच्याकडं पोळा झाला की भाऊ न्यायला येतो. तीजाच्या सणाला सगळ्या लेकी माहेरी असतात." तिचा भाऊ सुरतेला कामाला, वडील नाहीत. कोण येणार? लेकीला माहेरी न्यायला येतो त्याला आमच्यात मुराळी म्हणतात. मी म्हटलं, "ऊठ, पिशवी भर. तुझी मुराळी मी."

प्रेरणाकडं डोळे दाखवायला जातो असं घरी सांगून आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. हे मी खोटं बोलले, कबूल आहे. फोनही मीच बंद ठेवला, नाहीतर सत्यमनं मनमाडलाच गाठलं असतं.

मी जन्मात कधी आगगाडीत बसले नव्हते. मनमाडला गाडी बदलताना कोणत्या फलाटावर जायचं तेच मला कळेना. तिनं एका हातात पिशव्या घेतल्या, दुसऱ्या हातानं मला धरलं. न्यायला मी निघाले आणि नेलं तिनं. नागपूर गेलं तरी गाडी आपली चाललीच आहे. तेव्हा मला कळलं ही कुठून आली ते. मी लग्न होऊन घनसावंगीहून पाचोडला आले, तर वर्षभर रडत होते. ही सगळा मुलूख मागं टाकून आली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याशेजारी भाकरी थापायला बसली. लई मोठं काळीज आहे पोरीचं.

तिच्या आईनं तिला दारात पाहिलं. आधी पदर सारून तिचे हात बघितले, पाठ बघितली, मारल्याचे वळ आहेत का म्हणून. मग शेजारणी गोळा झाल्या. पोरगी महाराष्ट्रात विकली, असं तिथं बोलत होते. म्हणजे इथं ती लुटारू आणि तिथं आम्ही गिऱ्हाईक. मला राग आला नाही. माझी प्रेरणा अशी परमुलखात गेली असती, तर मीही आधी पाठच बघितली असती.

तीजाच्या उपासाआधी तिकडं कारल्याची भाजी आणि भात खातात. मला कारल्याचा तिटकारा आहे, तरी दोनदा मागून घेतलं. सणाला तिच्या आईनं लेकीला नवं लुगडं दिलं आणि मलाही दिलं. तेच नेसून मी आले आहे.

चतुर्थीला मी एकटी परत निघाले. ती बसपर्यंत आली आणि अंगावरचे दागिने काढून माझ्या हातात द्यायला लागली. म्हणाली, "आई, हे घेऊन जा, म्हणजे लोक तुम्हाला बोलणार नाहीत." मी ते तिथंच परत तिच्या गळ्यात घातले. तारण ठेवून कुणी माहेरी जातं का? मला फार रडू आलं. परत येशील का, असं मी तिला विचारलं नाही. विचारावंसं लई वाटलं होतं.

दिरांचं म्हणणं, ती आता काय येत नाही. काल तिचा फोन आला. म्हैस व्याली का, विचारत होती. व्याली तर चीक फ्रीजमध्ये ठेवा, मी आल्यावर खरवस करते, म्हणाली. सत्यम मला न्यायला प्रेरणाकडं आला होता, त्याच्या हातात मी फोन दिला. तो नुसता हं, हं करत राहिला. ठेवल्यावर मला विचारतो, "आई, मनमाडला गाडी कुठून बदलायची?" तो बाहेर बाकावर बसला आहे. पितृपक्ष लागायच्या आत तिला आणायला जाणार आहे. जावयानं अजून सासुरवाडी बघितलेली नाही.

माझी दिरांविरुद्ध तक्रार नाही. ती आली की चारचौघांत त्यांनी तिची माफी मागावी, एवढंच.

जबाब साहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात एका जागी 'सून फरार' असं पडलं होतं. तिथं मी थांबवलं, ते खोडायला लावून 'सून माहेरी' असं करून घेतलं. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.