साठ वॉट

आमी मूळचे भंडाऱ्याकडचे, पन माहा जलम रायपूरचा. बाप रेल्वेच्या वॅगन शॉपात रिवेट ठोकाचा आन घरी आला का आमाले ठोकाचा. खोटं नाई सांगत, डाव्या कानानं मले आजई कमी आयकू येते, ते त्याचंच देनं. एकडाव घरचा रेडिओ खोलला म्हून त्यानं बेल्टानं झोडपलं, बक्कल पाठीत रुतला, मायनं हळद भरली. दुसऱ्या दिवशी मी तोच रेडिओ जोडून वाजवून दाखवला, त त्यानं बराच वेळ आयकला आन मंग पुना एक लगावली, म्हने आदी इचारून खोलाचा असते. आता तुमी म्हनाल का मेश्राम, तुमाले एवढा राग कुठून आला, त तो असा घरूनच आला जी.

डिप्लोमा केला आन शहराबाहेर रेडिओचा टॉवर होता मीडियम वेव्हचा, तिथी टेक्निशियन लागलो. तवा वॉल्वचं मशीन होतं, आत दहा हजार व्होल्ट, जेवढी बिजली खाये त्यातली अर्धीच टॉवरवर जाये, बाकीची नुसती गरमी. पयल्याच हप्त्यात कॉइलजवळ बोट नेलं, लावलं नाई, नुसतं नेलं, त निळी ठिनगी आन मटन भाजल्यासारखा वास. हे पाहा, भोक आजई आहे. आन मशीन बंद केलं तरी आतल्या कंडेन्सरात बिजली भरूनच राह्यते, म्हून आमच्या इथी कायदा होता, का दार उघडलं का पयले अर्थिंगची काठी आत लावाची, ठाप असा आवाज होये, बाहेरच्यानं इचाराचं मारला का, आतल्यानं म्हनाचं मारला, मंगच हात घालाचा. भरत साहू त काठी लावताना मशीनले मायवरून शिवी देये. साहू म्हंजे माहा जोडीदार, अभनपूरकडचा छत्तीसगढी मानूस, अठरा वर्सं आमी एका डब्यात जेवलो.

मंग वरून हुकूम आला का कमी बिजली खानारा ॲम्प्लिफायर लावा. मी म्हटलं मी बनवतो. तिथी एक इंजिनियर होता, तो हासला, म्हने डिप्लोमावाल्याचं काम नाई हे, शंभरातले पंच्याऐंशी टॉवरवर पोचवून दाखव, मी तुह्या पाया पडतो. मी त्याची कॉलर धरली, भिंतीवर आपटला, साहूनं सोडवला नाई त नोकरीच गेली असती. पन तो पंच्याऐंशीचा आकडा माह्या डोक्शात बसला तो बसलाच. काय सांगू तुमाले, वॉल्वच्या जागी मॉस्फेट, म्हंजे एक जातीचे ट्रान्झिस्टर, लावाचे, आन त्या मॉस्फेटले एक त पुरा चालू करा नाई त पुरा बंद, मधात अडकला का जळलाच समजा. पयल्या वर्सी किती फुटले त्याचा हिशोबच नाई, फटाक्यावानी फुटत, एकाचं टोपन उडून माह्या भुवईत घुसलं, रगत पुसलं आन दुसरा लावला. गोल बाजारातून तांब्याची नळी आनली, पानी भराच्या पितळेच्या गुंडावर गुंडाळून कॉइल केली. घरी बायको बोलली का मी ताट फेकाचो. पोरीले एकडाव माह्या हिशोबाच्या नोटबुकाले हात लावला म्हून मारलं, बापासारखंच मारलं.

मशीन उभं राह्यलं. पन मीटर पंच्याऐंशीच्या केसभर खालीच थांबे. हप्ताभर झोप नाई. मंग माही नजर ब्लीडरवर गेली. ब्लीडर म्हंजे कंडेन्सरवर बसवलेला एक रेझिस्टर, मशीन बंद झालं का तो आतली बिजली दोन-तीन मिनिटात रिकामी करते. पन मशीन चालू असतानाई तो खातच राह्यते, साठ वॉट. मी म्हटलं हा फुकट खाऊन राहिला. कटर घेतला आन तार कापला. मीटर चढला. इंजिनियर पाया नाई पडला, पन त्यानं हात जोडले, आन मले वाटलं मी दुनिया जिकली.

आन साहूले सांगाचं राह्यलं. राह्यलं म्हंजे, मी सांगितलंच नाई. उलट अर्थिंगची काठी मीच खिळ्यावर टांगून ठेवली होती, सगळ्याइले सांगत फिरो का हे मशीन तीनशे व्होल्टाचं, हे चावत नाई, ब्लीडर आहे ना.

दुपारची गोष्ट आहे. ब्रॉडकास्टच्या मधल्या सुट्टीत साहू पंखा साफ कराले आत घुसला. मी इकडे डबा खाऊन राहिलो होतो. तो आतून ओरडला, मेश्राम भैया, काठी मारना हे का? आन मी, तोंडात घास होता माह्या, मी म्हटलं काई गरज नाई, घाल हात.

पांढरा उजेड झाला, बंदुकीसारखा आवाज. साहू उडून मांगच्या भिंतीवर गेला. त्याच्या हातात लोखंडी कडं होतं, ते कंडेन्सरच्या दोन पट्ट्याइत अडकून इतळलं आन मनगटात घुसलं. बोटं काळी, मांस उकललेलं, छाती बंद. मी त्याच्या छातीवर बसून मुठीनं, कोपरानं ठोकत राह्यलो, बरगड्या मोडल्याचा आवाज मले आयकू आला तरी ठोकत राह्यलो, तवा त्यानं श्वास घेतला. दवाखान्यात हात मनगटापासून कापला.

आन मी काय केलं आयका. चौकशीवाले याच्या आदी मी परत गेलो, कयेनं, म्हंजे सोल्डरनं, तो तार जोडून टाकला. रिपोर्टात आलं, काठी लावली नाई, कर्मचाऱ्याचीच चूक. साहूनं मान हालवली, हव, मोर गलती हे. त्याले वाटलं धक्क्यानं त्याचीच याददाश्त गेली, मी काई म्हटलंच नसन. सहा वर्सं त्याचा पोरगा माह्यासमोर त्याले हिंदीत झापे, एक डंडा लगाने का होश नहीं था आपको. मी तिथी बसून चहा पियाचो.

आता मीडियम वेव्हच बंद झालं. टॉवर कापला, माहं मशीन भंगारात गेलं, क्रेननं उचललं तवा त्याच्यावर माह्याच अक्षरात पंच्याऐंशी लिहून होतं. तिथून सरळ साहूकडे गेलो आन सगळं सांगितलं, कटर, तार, कय. मंग एवढंच इचारलं त्यानं, कतका बचिस? किती वाचले? मी म्हटलं साठ वॉट. तो म्हने, एक ठन बलप? एक बल्ब?

मंग त्यानं मारलं. डाव्या हातानं मारलं, तो थकला तवा त्या ठुठ्या मनगटानं मारलं. माहे दोन दात पडले, त्याचं ठुठं फाटून रगत आलं. त्याची बायको ओढून राहिली होती, मी तिले म्हटलं बाई, राहू दे. शेवटी तो खाली बसला आन लहान पोरावानी रडला, म्हने सहा साल मैं अपने आप ला गारी देवत रहेंव, सोताले शिव्या देत राह्यलो. अब तैं सबला बता, सगळ्याइले सांग.

म्हून तुमाले बोलावलं. तुमचं भलं होवो, तुमी दोन दिवस बसून आयकलं. तुमी म्हटलं का नाव बदलून लिहू. नाई जी. त्याचं नाव रिपोर्टात छापून आहे. माहं इथी लिहा, प्रल्हाद मेश्राम, पुरं लिहा.