प्रेसची जाळी

सकाळी अकरा वाजता कारखाना निरीक्षकाच्या खोलीबाहेर एक फिटर आणि त्याची थोरली बहीण येऊन बसले. परवान्यासाठी आलेला वायरमन शेजारीच होता. कान मिटता येत नाहीत, म्हणून तो ऐकत राहिला.

"चर्चमध्ये फादरनी माफी दिली ना? मग इथं कशाला तडफडायचं?"

"ताई, पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून असलेली जाळी मी काढली. प्रेसवर काम करणाऱ्या पोरीची बोटं गेली."

"कारखान्याच्या साहेबांनी काढायला लावली. काम भराभर होतंय म्हणून अख्खी पाळी गप्प बसली. तू एकटाच पापी का?"

"मीही फादरना तेच म्हटलं. ते म्हणाले, तुझ्या वाट्याचं तू कबूल केलंस. पण जाळी बसली का?"

"मग, बसली?"

"साहेब बसवू देत नाहीत. आज तिथं दुसरी पोरगी आहे."

"नोकरी जाईल रे."

"जाईल."

"लहानपणी काच फोडून माझं नाव सांगायचास. आज कुणाचं सांगणार?"

"आधी माझं. मग साहेबांचं, मग सगळ्या पाळीचं."

ताईनं त्याची कॉलर सरळ केली. "जा. मी आहे इथं."

शिपायानं वायरमनला हाक मारली. वायरमन उठला नाही.

"आधी यांना आत सोडा," तो म्हणाला.

फिटर आत गेला. पहिली पाळी सुटायला अजून बराच वेळ होता; ती दुसरी पोरगी प्रेसवरच होती.