बैठकीतून कापूस गेल्यावर

शोभाबाई: त्या बटनाले हात लावशीन तं पाह्य मंग.

रूपाली: आई, घामानं आंघोळ झाली माझी. दोन मिनिटं पंखा लावला तर काय होते?

शोभाबाई: काय होते? दिवाळीपासून या बैठकीत कापूस भरून होता. पात्यावर बोटभर रुई बसली असन. तू बटन दाबशीन, अन् सकाळपासून दोघींनी पुसलं ते सारं घर पांढरं होईन. देवळीत तुह्या बापाचं दुकान. तुमच्या घरी साखर भरली, तेल भरलं, कापूस कधी भरला नाई. कापसाच्या घरात होळीचा पयला पंखा असा लावत नसतात.

रूपाली: मग कसा लावतात?

शोभाबाई: स्टुलावर चढतात अन् सासूचं ऐकतात. घे, ही उशीची जुनी खोळ. ओली करून पिळ. आता पात्याले घाल, पायात मोजा घालतो तशी. हं. आता हळूच ओढ. सारी रुई खोळीत आली पाह्यजे, खाली एक तंतू नाई.

रूपाली: बाप रे. आतून मांजर निघालं, आई.

शोभाबाई: हास. हेच मांजर तुह्या सासऱ्याच्या छातीत बसलं होतं.

रूपाली: वर्षालीताईचा फोन आला होता मघाशी.

शोभाबाई: माह्या लेकीचा फोन, अन् आता सांगून राह्यली तू मले?

रूपाली: तुम्ही भिंतीशी भांडत होत्या. सिंदी मेघेहून निघाले म्हणे, हे अन् बाबा, मोटरसायकलवर. पण बाबांनी पिशवी नाही घेतली.

शोभाबाई: कोणती पिशवी?

रूपाली: कपड्यांची. खिशात फक्त दम्याचा पंप घेतला. म्हणाले, गाय व्याली तर वासरू पाहून येतो. अंगणातूनच पाहतो अन् सांजच्या बसनं परत. कापूस आहे तोवर घरात पाय ठेवत नाही म्हणाले.

शोभाबाई: आता कापूस कुठी आहे घरात?

रूपाली: ते त्यांना सांगितलं कोणी? तुम्हीच आम्हा दोघांना शपथ घातली.

शोभाबाई: घातली अन् घातलीच. कापूस विकला, आता या, असं फोनवर म्हणाचं म्हंजे मी हात जोडले असं झालं. चाळीस वर्षांत नाई जोडले.

रूपाली: गावात तर वेगळंच बोलतात. प्रमिलाकाकू नळावर म्हणे, शोभाबाईनं नवरा लेकीकडं धाडला अन् कापूस घरात ठेवला.

शोभाबाई: तिच्या घरी नवराही आहे अन् कापूसही आहे. दोघायचाही काई उपयोग नाई. तिकडचं पातं राह्यलं, ते पूस.

रूपाली: पण तुम्ही तसं बोलल्या होत्या ना बाबांना.

शोभाबाई: काय बोलली मी?

रूपाली: बाबा म्हणाले, या घरात एक तर कापूस राहील नाही तर मी राहीन. तुम्ही म्हणाल्या, कापूस तं खोकलत नाई.

शोभाबाई: व्यापारी दारात उभा होता तेव्हा. तो म्हणन त्या भावात हे देऊन टाकून राह्यले होते. वेचता वेचता कमर कोणाची मोडली? माही. रागात निघते माणसाच्या तोंडातून.

रूपाली: निघते. अन् बाबा त्याच पायी निघून गेले.

शोभाबाई: तू पंखा पूस न बापा.

रूपाली: पुसून राहिली. एक विचारू? तुम्ही भाव चढायसाठी अक्षय तृतीयेपर्यंत थांबणार होत्या. मग एकाएकी कापसाची गाडी काऊन बोलावली?

शोभाबाई: खाज सुटली होती साऱ्यायले. जुन्या कापसाची सुटते.

रूपाली: खाज दरवर्षी सुटते. वर्षालीताईनं सांगितलं ना, बाबा म्हणतात वरच्या खोलीत माझा पलंग टाक, मी आता इथंच राहतो. त्याच्या दुसऱ्या सकाळी गाडी दारात होती.

शोभाबाई: मंग काय लेकीच्या घरी म्हातारपण काढू देऊ? जावई चांगला आहे, कबूल. पण जावयाच्या घरी माणूस चहा दुसऱ्यांदा मागत नाई. अन् बुढ्याले तं तीनदा लागते.

रूपाली: गाडी गेली अन् त्याच आठवड्यात भाव चढला.

शोभाबाई: चढो. तो चढते अन् उतरते, त्याले दुसरा धंदा काय. पण हे बुढ्याच्या कानावर गेलं, तं तुही जीभ याच खोळीत भरीन. उतर आता. ती काळी छत्री आण, त्यायची, खुंटीवरची.

रूपाली: घरात छत्री?

शोभाबाई: उघडून बाजेवर ठेव, पंख्याच्या बरोबर खाली. काळ्यावर रुई लगेच दिसते. आता लाव, एकावर लाव. वर पाहू नको, छत्रीकडं पाह्य.

रूपाली: काही नाही पडलं.

शोभाबाई: थांब. जवान डोळे अन् काई दिसत नाई. ते काय आहे, दांडीजवळ?

रूपाली: अगदी बारकी आहे.

शोभाबाई: बारकीच घशात जाते. बंद कर. खोळ धू, पुन्हा चढ.

रूपाली: ही कितवी वेळ होईल, आई?

शोभाबाई: मोजत बसली तं होळी इथंच होईन. चढ. छत्रीही झटक, पण बाहीर जाऊन झटकजो.

(अंगणात मोटरसायकल थांबते. छत्री बाजेवर उघडीच राहते.)

महादेवराव: वासरू कुठी आहे?

शोभाबाई: गोठ्यात. वासरू काय बैठकीत ठेवतात का?

महादेवराव: या घरच्या बैठकीत कोण काय ठेवन, माहा भरोसा नाई.

रूपाली: बाबा, पाणी घ्या. हे गेले का लगेच?

महादेवराव: चंदन चौकातच उतरला, गूळ आणतो म्हणे. मले म्हणे तुमीच आणा गाडी घरापर्यंत. आणली बाप्पा, हळूहळू.

रूपाली: तोंडावरचा रुमाल तर काढा.

महादेवराव: राहू दे बेटा. दारातून रुई येते.

शोभाबाई: बारीक झाले. वर्षाली पोटभर घालत नाई वाटते.

महादेवराव: पोटभर घालते. अन् बोलते कमी.

शोभाबाई: मंग टाकला का वरच्या खोलीत पलंग?

महादेवराव: तुले कोणं सांगितलं?

शोभाबाई: पाणी प्या.

महादेवराव: ओटा धुतलेला दिसते. जाळेही काढले.

शोभाबाई: होळी आली. सारं गाव काढते. आमी काय गावाबाहीर राहतो?

महादेवराव: ती खिडकी काऊन उघडी आहे?

शोभाबाई: खिडकी उघडासाठीच असते.

महादेवराव: त्या खिडकीले तं आतून कापूस टेकला होता. मी गेलो तेव्हा गजातून बाहीर येऊन राह्यला होता. आता तिकडची भिंत दिसून राह्यली. माह्या बाबाचा फोटो दिसून राह्यला.

शोभाबाई: दिसन नाई तं काय. तिथंच आहे तो फोटो.

महादेवराव: चंदनची माय, कापूस कुठी गेला?

शोभाबाई: जिनिंगवर गेला. कापूस अजून कुठी जाते? काशीले?

महादेवराव: कवा? मले कोणी सांगितलं नाई.

शोभाबाई: तुमी कोणाले विचारलं? गाईचं विचारलं फोनवर, कुत्र्याचं विचारलं.

महादेवराव: तू तं अक्षय तृतीयेपर्यंत ठेवणार होती.

शोभाबाई: नाई ठेवला.

महादेवराव: भाव कसा भेटला?

शोभाबाई: भेटला तसा भेटला.

महादेवराव: चांगला भेटला?

रूपाली: बाबा, त्या दिवशी आई...

शोभाबाई: रूपाली, चहा मांड.

महादेवराव: म्हंजे चांगला नाई भेटला.

शोभाबाई: उंबऱ्यात उभे राहू नका. उजेड अडते. आत या नाई तं बाहीर राहा.

महादेवराव: आत या म्हणून राह्यली का बाहीर राहा म्हणून राह्यली?

शोभाबाई: पयलं काय म्हणलं मी?

महादेवराव: आत या.

शोभाबाई: मंग कान शाबूत आहे तुमचे. चप्पल तिकडं काढा. फरशी पुसली आहे.

महादेवराव: बाज विणून घेतली तू. सुतळीचा वास येऊन राह्यला. अन् हे काय? ही माही छत्री घरात काऊन उघडून ठेवली? छत गळते का?

रूपाली: रुई पडते का ते पाहायला, बाबा. काळ्यावर दिसते ना. सकाळपासून आई मला स्टुलावर चढवून राहिली अन् उतरवून राहिली. एक तंतू दिसला की पुन्हा खोळ धू.

शोभाबाई: तुले चहा मांडाले सांगितलं होतं.

रूपाली: मांडला, उकळून राहिला.

महादेवराव: गरम होते इथं. पंखा लाव.

शोभाबाई: काई नको. पुठ्ठ्यानं वारा घालतो मी.

महादेवराव: तू वारा घालशीन? मंग तं माही तब्येत लयच खराब आहे म्हणाची. लाव पंखा.

शोभाबाई: पयले पंप हाती घ्या.

महादेवराव: घेतला.

शोभाबाई: रुमाल राहू द्या तोंडावर.

महादेवराव: रुमाल काढला मी. लाव.

शोभाबाई: एकावर लावतो. खोकला आला का?

महादेवराव: अजून फिरला तं पाह्यजे तो.

शोभाबाई: आता फिरला. आला?

महादेवराव: नाई.

शोभाबाई: घशात काई खवखव?

महादेवराव: तू बोलून राह्यली, तेवढीच.

शोभाबाई: रूपाली, छत्री पाह्य.

रूपाली: काही नाही, आई. कोरी आहे.

शोभाबाई: नीट पाह्य. खिडकीच्या उजेडात धर.

रूपाली: धरली. खरंच काही नाही. ठेवली पुन्हा जागेवर.

शोभाबाई: दोनावर करू?

महादेवराव: कर.

शोभाबाई: छातीत शिट्टी वाजते का?

महादेवराव: नाई वाजत. सिंदी मेघेत वाजत होती कधीमधी. इथं नाई वाजून राह्यली.

शोभाबाई: तिथं वाजत होती अन् वर्षालीनं मले सांगितलं नाई.

महादेवराव: तू कोणाले विचारलं?

शोभाबाई: माहंच मले वापस देऊन राह्यले.

महादेवराव: अजून एक देतो. कापूस तं खोकलत नाई, असं म्हणली होती तू.

शोभाबाई: म्हणली होती.

महादेवराव: मंग?

शोभाबाई: मंग काय. कापूस बोलतही नाई. सारा हिवाळा त्या ढिगाजवळ बसून काढला मी. एक शब्द बोलला नाई तो.

रूपाली: बाबा, चहा. अन् वासरू पाहायचं राहिलं तुमचं. बस येईल थोड्या वेळानं.

महादेवराव: वासरू कुठी पळून जाते? उद्या पाहीन. बेटा, वर्षालीले फोन लाव. म्हणा माही कपड्याची पिशवी येणाऱ्या कोणाच्या हाती पाठवून दे.

रूपाली: आताच लावते.

शोभाबाई: गोळ्याही म्हणा तिले. अन् स्वेटर राहू दे म्हणा, आता काय करतीन त्याचं.

महादेवराव: चंदनची माय.

शोभाबाई: आता काय राह्यलं? बंद करू का पंखा?

महादेवराव: पंखा राहू दे. ती छत्री मिटव. आंग टाकू दे मले.