क्लचवरचा पाय

माझी लेक जन्मली त्या दिवशी मी ट्रकचा क्लच जाळला. हसू नका, खरं सांगून राह्यलो.

बायकोला, सुमनला, कळा लागल्या तव्हा आमच्या वाटूर गावात दुसरं वाहन भेटंना. मंग तिला माझ्याच ट्रकच्या केबिनमधी बसवलं आन् जालन्याच्या दवाखान्याकडं निघालो. ती कण्हली की माझा पाय क्लचवर जायचा आन् तिथंच राह्यचा. चढावर जळका वास आला. इंजिन नुस्तं ओरडायलं, गाडी पुढं सरकंना. मी आणखी रेस दिली.

सुमन दात-ओठ खात म्हणली, "अहो, पाय काढा त्या क्लचवरून! अर्धा दाबून ठेवला की प्लेट जळती, हे तुम्हीच समद्यांना सांगता ना?"

"पण तुझं..."

"मी थांबते. आधी गाडी थंड होऊ द्या."

अर्धा घंटा मी ट्रकभोवती येरझारा घातल्या. मंग पहिल्या गेरवर, पाय पार बाजूला ठेवून, कसाबसा चढ काढला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई सुमनवर ओरडल्या, "इतका उशीर करतात का?"

सुमन म्हणली, "बाई, माझं बराबर होतं. कळा ह्यांनाच जास्त येऊन राह्यल्या होत्या."