सुतकाचा पाचवा दिवस

कौसल्या : “मी नसलो तरी पोरांचे पाय चोळणं थांबवू नकोस. तेल आधी आपल्या तळहातावर घे, कोमट झालं की मग त्यांच्या पायाला.” शुक्रवारी हे बोलले, भावजी, आणि शनिवारी गेले. मी हो म्हटलं होतं.

दत्तोपंत : हो म्हणजे तेराव्यानंतर, वहिनी. दादाचं सुतक आहे, आज कुठे पाचवा दिवस. आत्ताच व्हरांड्यात पोरं जमवली तर लोक काय म्हणतील?

कौसल्या : लोक पहिल्या वर्षीही म्हणालेच होते. पोलिओची पोरं घरात घेतात म्हणून आपल्याच आळीनं मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं. खापरखेड्याच्या वीज केंद्रातली नोकरी सांभाळून एकोणीस वर्षं रोज सकाळी त्यांनी पाय चोळले, वाकवले, सरळ केले.

दत्तोपंत : जुनं झालं ते. आता तीच आळी दादाची शोकसभा भरवतेय. सदर भागातला हॉल मिळाला, हार सांगितले, आमदारसाहेब येतो म्हणाले. संगमरवरी पाटी लावतो, ‘बालसेवक वामनराव’! बघाच तुम्ही.

कौसल्या : करा. तुम्ही करता ते नीटच करता. पाटी त्यांना आवडली नसती, पण मला आवडेल.

(फाटकाची कडी वाजते.)

प्रेमिला : काकू, मी प्रेमिला. आत नाई येत, इथूनच बोलते.

कौसल्या : अगं, पायरीवर तरी बस. तुझी जया कशी आहे?

प्रेमिला : तेच सांगाले आली. पाच दिवसांत तिची टाच वर ओढून राहिली जी. मी घरी करून पाह्यलं, पण पोरगी रडते अन् माहा हातच ढिला पडते. सोमवारी मेडिकलच्या दवाखान्यात बुटाचं माप हाय. पाय सपाट टेकला नाई तर बूट बसत नाई म्हणते डॉक्टर. मंग ऑपरेशन.

दत्तोपंत : बाई, आठ दिवस थांबा. सुतक आहे घरात.

प्रेमिला : मालूम हाय, भाऊसाहेब. पण सोमवार काहून थांबन?

दत्तोपंत : मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

प्रेमिला : दुसरं कोण हाय? दोन महिने काकाजी बाजेवरून सांगत अन् काकू करत. साती पोरायले आता काकूचाच हात पायजे.

दत्तोपंत : वहिनी, तुम्ही कधी चतुर्थी मोडली नाही. माळ ओढल्याशिवाय पाणी घेत नाही. तुम्हाला मी काय सांगायचं?

कौसल्या : सुतकात देवाला हात लावायचा नाही, लावला नाही. देवळात जायचं नाही, गेले नाही. पूजा बंद, माळ बंद. पहाटेपासून नुसती बसून असते. इतकी रिकामी सकाळ मला लग्नानंतर कधी मिळाली नव्हती, भावजी.

दत्तोपंत : पण आपलं दुसऱ्याला लागू नये, हेही आहेच ना!

प्रेमिला : मंग माह्या घरी चाला ना, काकू. छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली तवापासून आमच्यात सुतकच नाई. तुमचं आमाले काई लागत नाई.

दत्तोपंत : आणि बाकीची सहा पोरं?

प्रेमिला : ज्याच्या मायले चालन, ते आणन. पाचजणी तर हो म्हणल्या. सहावी सासूले विचारून राहिली.

दत्तोपंत : म्हणजे सगळं ठरवूनच आलीस!

प्रेमिला : हिंमत करून आली जी. काकू हो म्हणन का नाई, मले का मालूम?

दत्तोपंत : अन् सभेत मी काय सांगू? दादाची बायको सुतकात वस्तीत हिंडते म्हणून?

कौसल्या : सांगा, वामनरावांच्या मुलांचा पाच दिवसांपेक्षा जास्त खाडा पडला नाही. आमदारांसमोर सांगा. माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

दत्तोपंत : …ऊन चढलंय, वहिनी. रिक्षा तरी बोलावू?

कौसल्या : नको. प्रेमिला, तीन वर्षं तू आमच्या दारी येतेस. तुझं घर कुठे, हे मी कधी विचारलंच नाही गं.

प्रेमिला : पाण्याच्या टाकीमागं. निळं दार हाय.

कौसल्या : चल, पुढे हो. भरभर नको चालू, मला रस्ता लक्षात ठेवायचा आहे. उद्या मी एकटीच येईन.